बिनकिडीचा सोनचाफा

"मॅडम, बघा की, एक डाग नाय. मग माल फेल कसा?" मंदाताईंनी फुलांची टोपली थेट माझ्या टेबलावर ठेवली.

रोह्याजवळच्या एका छोट्या कंपनीत मी क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, बघते. आम्ही सोनचाफ्याचा अर्क काढतो. निडीच्या मंदाताईंनी डोलवीच्या स्टील कारखान्यातलं कंत्राटी काम सोडून सत्तर झाडं लावली. सगळी फुलं आम्हालाच द्यायच्या. आम्ही नको म्हटलं की खेळ खलास.

डाग घालवायला मीच सांगितलं होतं. फुलकिडे म्हणजे जेमतेम दिसणारे किडे. ते पाकळ्या खरवडतात, मग तपकिरी चट्टे पडतात. स्वच्छ माल हवा म्हणून मी फवारणी करायला लावली. किडे गेले आणि अर्क सपक झाला.

वासातले घटक वेगळे करून दाखवणारं जीसी नावाचं मशीन आमच्याकडे आहे. त्यात इंडोल नावाचा घटक आमच्या स्टँडर्डपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी जपून ठेवलेल्या जुन्या अर्कापेक्षा, फारच कमी आला. हे इंडोल जास्त झालं तर डांबरगोळीसारखं नाकात जातं, बेताचं असलं तर चाफ्याचा वास भरदार होतो.

बॉस पेणहून येतात, कायम घाईत. "स्टँडर्डशी जुळत नाही ना? मग रिजेक्ट कर."

"सर, आठ दिवस द्या."

"चार."

कुंपणालगतचं एक झाड फवारणीतून सुटलं होतं. त्याच्या काही कळ्यांना मी मलमलीच्या पिशव्या बांधल्या, बाकीच्या कळ्या किड्यांसाठी उघड्या ठेवल्या. चावलेल्या फुलांत इंडोल बरोबर स्टँडर्डइतकं निघालं. पिशवीतल्या फुलांत नावापुरतं. किडा चावला की फूल आपला वास बदलतं. आणि आमचं स्टँडर्ड मंदाताईंच्याच जुन्या, चावलेल्या फुलांवरून ठरलेलं. ठरवणारी मीच. फार लाज वाटली.

बॉसनी रिपोर्ट उभ्याउभ्याच वाचला. "क्लायंटला काय सांगू, आमच्या अर्काला किडे लागतात? पेणचा सप्लायर ठरलाय. हे फाईलला लाव."

निडीला जाऊन मी मंदाताईंना सगळं सांगितलं.

"तुमीच सांगितलं म्हनून मारलं ना औषध? आता काय करू, किडे आनून सोडू?"

महिन्याभरात त्यांनी झाडं तोडली.

स्टँडर्डच्या बाटलीवर आम्ही तारीख लिहितो, बॅच लिहितो. फुलांवर तेव्हा कोणते किडे होते, हा रकाना मी आता फॉर्ममध्ये वाढवला आहे. शहाणपण मला आलं. महागात मंदाताईंना पडलं.