बापाचा दगड आणि माझं ॲसिड

चहा घ्या आधी, गार होईल. कारण हे ऐकून हसायचं की माझ्या थोबाडीत ठेवून द्यायची, हे ठरवायला तुम्हाला वेळ लागेल. माझी माय अजून ठरवतेच आहे.

मी आर्णीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल!

माझा बाप विहिरी खोदायचा. लोकांच्या. स्वतःच्या वावरात एकच खोदली, आणि तिच्यात खडकाच्या भेगेतून एक दगड निघाला. पाटाएवढा, जड आणि काजळासारखा काळा. हात लावला की हात काळा! बापानं तो घरी आणून दारात बसायला ठेवला. तेव्हापासून बापाची पँट मागून कायम काळी. बाजारात पाठमोरा दिसला तरी लोक ओळखायचे. माय रोज ती पँट मोगरीनं बडवायची आणि दगडाला शिव्या घालायची.

एकदा विहिरींची पाहणी करायला भूगर्भवाले एक साहेब आले. नेमके त्याच दगडावर टेकले. आता पाहुण्याला 'उठा' म्हणतात का? उठले तेव्हा मागून ते आमच्या घरचेच झाले होते! पण माणूस भला. काळे झालेले हात बघून उलट खूष झाले.

"काका, हे मँगनीज आहे. इथं लाव्हाचा एक थर थंड झाला, त्याच्यावर दुसरा आला. मधल्या सांध्यात पाणी मुरत राहिलं आणि खडकातलं मँगनीज आणून भेगांत बसवत गेलं."

बापाचे डोळे चमकले. "म्हंजे वावरात खाण हाय म्हना!"

"खाण कसली काका! टोपलंभर निघेल. दूध आटवलं की पातेल्याला खरपूड लागते ना, तेवढंच. आत साधा दगड."

बापानं त्यातला 'खाण' एवढाच शब्द उचलला. मरेपर्यंत सांगायचा, "आपल्याकडं मँगनीजची खाण हाय. मी तिच्यावरच बसतो!"

मागच्या वर्षी बाप गेला. जन्मभर खोदलेल्या दगडांची धूळ छातीत बसली होती. खोकून खोकून गेला. फार वाईट गेला हो.

त्यानंतर माय रोज संध्याकाळी त्या दगडावर बसायला लागली. पांढरं लुगडं, मागून काळंकुट्ट. आणि धुवायचीच नाही! मला वाटलं, म्हातारीचं भान सुटलं.

पहिला स्मृतिदिन आला. मायनं बजावलं होतं, "बुद्धवंदनेच्या टायमाले तो दगड बापाच्या फोटोपाशी ठेवजो." लोक मांडवात येऊन बसू लागले, सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. एवढ्या कपड्यांना काळं लागलं तर? जरा साफ करून ठेवू!

घरात संडासाची फरशी धुवायच्या ॲसिडचा डबा होता. अख्खा ओतला. मे महिना, आमच्याकडचं ऊन, दगड तव्यासारखा तापलेला.

आता सांगा, मँगनीज डायऑक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि वरून उष्णता. काय होतं? क्लोरीन! दरवर्षी मी स्वतः फळ्यावर लिहितो! पण शाळेतलं मँगनीज म्हणजे बरणीतली काळी भुकटी असते हो. हा तर बापाचा दगड होता.

फसफस सुरू झाली. हिरवट-पिवळा धूर उठला, नाक सोलून काढणारा. शेजारी ताटात ठेवलेल्या ओल्या फुलांचा रंग उतरला. माणसं खोकत खोकत रस्त्यावर पळाली. बापाची थोरली बहीण, माझी आत्या, तोंडाला पदर लावून ओरडली, "काय करून राह्यला बे?"

"काई नाई आत्या, दगड धुऊन राह्यलो!"

"भाऊ खोकू खोकू गेला, आता आमालेबी तसंच धाडतं का?"

बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं तेव्हा धूर बसला. कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही, एवढंच नशीब. मग मी खराट्यानं दगड घासून काढला. काय सांगू, लख्ख! साहेब खरंच बोलले होते. खरपूड गेली आणि खाली राखाडी दगड उरला, आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढिगानं पडलेला असतो तसलाच.

माय बाहेर आली. दगड सुकल्यावर त्याच्यावर बसली, थोड्या वेळानं उठली आणि माझ्याकडे पाठ केली.

"लुगड्याले काई लागलं का रे?"

"नाई माय!" मी शहाणा, वर अभिमानानं सांगतोय. "एकदम साफ!"

"जनमभर त्याचा काया डाग धूत आली मी," ती म्हणाली. "आता तेवढाच राह्यला होता तो. म्हनून धूत नव्हती."

मी मान खाली घातली.

"तुह्या बापानं दगड फोडू फोडू तुले शिकोलं. अन तुले एक दगड सांभायता नाई आला?"

क्लोरीन केव्हाच उडून गेला होता. तरी मी बराच वेळ खोकत बसलो.