जसुबेनचे न उचललेले फोन

आमच्या दलालीच्या धंद्यात नाही म्हणायची पद्धत नाही. मालकाला गिऱ्हाईक पसंत नसलं की तो म्हणतो, "घरात विचारून कळवतो." आम्ही गिऱ्हाइकाला म्हणतो, "कळवतील." मग मालक आमचा फोन उचलत नाही, आम्ही गिऱ्हाइकाचा उचलत नाही आणि आठ-दहा दिवसांत गिऱ्हाईक आपोआप समजून जातं. कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. राजकोटात पंधरा वर्षं मी घरं दाखवतोय, आणि ही रीत मला चांगली सभ्य वाटत आली होती.

जसुबेन मकवाणा मात्र समजून गेल्या नाहीत.

त्या महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. अर्ध्या वॉर्डातली बाळंतपणं त्यांच्या हातची. लग्न केलं नाही, दोन भावांची मुलं शिकवली, आणि स्वतः तीस वर्षं दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये काढली. निवृत्तीला दोन महिने उरले होते. निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत करायची आणि त्याआधी स्वतःचं घर बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. भाड्याने राहणार नाही म्हणाल्या. "तीस वर्षं दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकायला परवानगी मागितली. आता पुरे."

पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा माझ्या ऑफिसात दोन माणसं बसली होती. ती जाईपर्यंत त्या बाकावर गप्प बसून राहिल्या. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "तू नाथाकाकांचा महिपत ना? मा कशी आहे?"

आम्ही एकाच गावचे, एकाच वासातले, म्हणजे वस्तीतले. आमचा वणकरांचा, म्हणजे दलित विणकरांचा, वास तलावापलीकडे, गावाला चिकटलेला नाही. पण राजकोटात हे कुणाला माहीत नव्हतं. माझं परमार आडनाव आमच्यात असतं तसं दरबारांत, म्हणजे राजपुतांतही असतं. धंद्याच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकाने माझ्या मिश्या बघून मला 'बापू' म्हटलं, दरबाराला म्हणतात तसं, आणि मी दुरुस्त केलं नाही. पुढे सगळेच बापू म्हणू लागले. मग मीही फोन उचलताना 'जय माताजी' म्हणायला लागलो, मिश्यांना पीळ द्यायला लागलो. खोटं मी कधी बोललो नाही. एवढीच काय ती माझी हुशारी.

"इथे मला बापू म्हणतात," मी सांगून टाकलं.

"म्हणू देत की," जसुबेन म्हणाल्या. "माझं काम घराशी आहे, भाई."

वल्लभभाईंचं विकायला काढलेलं घर त्यांना बघताक्षणी आवडलं. तळमजल्याच्या दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर झुलायला हिंडोळा. दवाखाना पाच मिनिटांवर, म्हणजे जुन्या ओळखीच्या बायका येत-जात राहणार. जसुबेननी स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवून खिळ्याच्या जागासुद्धा ठरवल्या. वल्लभभाईंच्या पत्नीने चहा दिला. बशीतून फुर्रकन चहा ओढून वल्लभभाईंनी विचारलं, "मकवाणा म्हणजे तुम्ही कोण म्हणायच्या?"

"वणकर," जसुबेन म्हणाल्या. "पणजोबापर्यंत घरात माग होता."

नाव, गाव सांगावं तितक्या सहज. मी बशीत तोंड घातलं.

"हां, हां," वल्लभभाई म्हणाले. "घरात विचारून बापूंना कळवतो."

मला गल्लीपर्यंत पोचवायला ते मुद्दाम बाहेर आले. "मला स्वतःला काही नाही हो, पण सोसायटीवाले माझ्या नावाने शंख करतील. तुम्हाला दरबारांना मी काय सांगायचं?"

"समजतंय," मी म्हणालो. जसुबेन चार पावलं पुढे रिक्षा बघत उभ्या होत्या.

त्यानंतर फोन सुरू झाले. राजकोट दुपारी एक ते चार झोपतं, तेव्हा कुणी कुणाला फोन करत नाही. जसुबेन चारला पाच मिनिटं असताना कधी करायच्या नाहीत. चार वाजून पाच मिनिटांनी, रोज, एकदाच. पहिले दोन दिवस मी "कळवतील" म्हणालो. तिसऱ्या दिवसापासून उचलला नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला निदान दुसरं घर तरी दाखवलं असतं. यांना दाखवलं नाही, कारण दर घरी तोच प्रश्न येणार, त्या तेच उत्तर देणार, आणि एखाद्या दिवशी कुणी विचारणार, बापू, यांची-तुमची ओळख कुठली? मला त्यांच्या जातीची नाही, त्यांच्या खरेपणाची भीती वाटत होती. हे आता लिहितानाही मान वर होत नाही.

एकदा त्या ऑफिसकडे येताना दिसल्या तेव्हा मी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरलो आणि मशीनमागे वाकून बसलो. चाळिशी ओलांडलेला, पिळदार मिश्यांचा माणूस. झेरॉक्सवाल्या हसमुखने विचारलं, "उधारीवाला आहे का, बापू?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो.

जसुबेन अर्धा तास बाकावर बसल्या, पिशवीतल्या बाटलीतून पाणी प्यायल्या आणि गेल्या. जाताना माझ्या टेबलावरचा चालू राहिलेला पंखा बंद करून गेल्या.

निवृत्तीला दहा दिवस राहिले असताना मी वल्लभभाईंकडे मोरबीच्या एका टाइल्सवाल्याला घेऊन गेलो. सौदा जवळजवळ ठरला होता, पेढे आणायला माणूस गेला होता. तेवढ्यात जसुबेन फाटक उघडून आत आल्या. हातात फाइल होती, बँकेचे कागद घालून आणलेली.

"दीड महिना झाला," त्या वल्लभभाईंना म्हणाल्या. "हो किंवा नाही, मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

वल्लभभाई माणूस वाईट नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. हिंडोळ्याची कडी धरून ते माझ्याकडे वळले. "बापू, तुम्हीच सांगा यांना."

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. मीही त्याच वासातला, असं चार शब्दांत सांगता आलं असतं. सौदा गेला असता, कदाचित धंदाही गेला असता, पण माणसं त्यातूनही जगतात. मोरबीवाला माझ्याकडे बघत होता. मी घसा साफ केला.

"बेन, समजून घ्या. सोसायटीचं एक वळण असतं. तुम्हा लोकांना इथे जमायचं नाही."

तुम्हा लोकांना. हे शब्द मी म्हणालो, माझ्या तोंडाने, नाथाकाकांच्या मुलाने.

जसुबेननी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ताप मोजताना नर्स बघते तशा बघत राहिल्या. आता त्या सांगणार, मला वाटलं. त्यांनी सांगावं, असंही वाटलं. मग निदान माझ्या हातात काही राहिलं नसतं. पण त्यांनी फाइल पिशवीत सरकवली.

"एवढं फोनवर सांगायचं होतं, बापू," त्या म्हणाल्या. "मी दुसरीकडे बघितलं असतं."

इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदाच बापू म्हटलं. फाटक नीट लावून घेऊन त्या गेल्या.

"बाई सभ्य निघाली," वल्लभभाई सुटकेने म्हणाले. पेढे आले. मीही एक खाल्ला. नाही कसं म्हणणार?

त्या दिवसापासून चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजत नाही. मी दोन वेळा नंबर काढला आणि ठेवून दिला. त्यांनी उचलला तर काय बोलायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

महिन्याभराने गावाहून माचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अरे, जसू गावी राहायला आली, वासातल्या त्यांच्या जुन्या घरात. माझे गुडघे बघून गेली. तुझं किती सांगत होती! म्हणाली, महिपतने माझ्या घरासाठी फार पायपीट केली, दारोदार फिरला, माझ्यासाठी लोकांशी भांडला. माझ्याच नशिबात नव्हतं, त्याला बोल लावू नका."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना? वासात सगळ्यांना सांगितलंय मी," मा म्हणाली. "असंच आपल्या माणसांच्या पाठीशी उभा राहत जा."

"हो, मा," मी म्हणालो.