एकशे चाळीस टाके

डेपोत त्याला सगळे 'वेळापत्रक' म्हणत. बारा नंबरची बस तो एकवीस वर्षं चालवत होता आणि ती थांब्यावर आली की लोक आपापली घड्याळं तपासून घेत. माणूस अंगानं आडवा, हाताचे पंजे सुपाएवढे, बोलणं मोजकं. घरी मात्र सगळी सूत्रं बायकोच्या हातात.

बायको बेकरीत पीठ मळायची. सकाळी लवकर कामाला जायची, दुपारी परत यायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत लोकर घेऊन बसायची. तिच्या हातचं काही अंगावर नाही असं घरात कुणी नव्हतंच, चहाच्या किटलीलासुद्धा टोपडं होतं. लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी तिनं पिवळी लोकर आणली, सुईवर एकशे चाळीस टाके घातले आणि बाळाचं पांघरूण विणायला घेतलं.

पांघरूण निम्मं झालं आणि तिच्या उजव्या अंगठ्यानं संप पुकारला. टम्म सुजला, वाकेचना. डॉक्टरांनी हाताला आधारपट्टी बांधली आणि बजावलं, सहा आठवडे पीठ नाही, सुया नाहीत, काही नाही. बाळाची तारीख होती पाच आठवड्यांवर.

आता स्वयंपाक त्याच्याकडे आला. ती ओट्याशेजारी स्टुलावर बसून हुकूम सोडायची आणि तो पातेल्यासमोर घाम पुसत उभा राहायचा.

"अहो, चमचा वरवर काय फिरवताय? तळापासून हलवा. गाजरं लागतील."

"हलवतोय."

"आता मीठ. एवढं नाही! अहो, एवढं नाही!"

सूप मात्र झकास व्हायचं. कांदा लोण्यात परतल्याचा वास जिन्यात दरवळायचा, आणि पहिला घोट घेऊन ती "हं" म्हणाली की त्याला परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं. इतक्या वर्षांत आपण या ओट्याशी कधी उभे कसे राहिलो नाही, याचं त्याला मनापासून आश्चर्य वाटत होतं.

पण जेवण झालं की तिची नजर टोपलीतल्या अर्ध्या पांघरुणाकडे जायची आणि चेहरा उतरायचा. तिची बहीण म्हणाली, "दे इकडे, मी पुरं करते." बायकोनं साफ नकार दिला. "माझ्या पहिल्या नातवंडाचं पांघरूण या घरातच पुरं होणार."

"मग मी विणतो," तो म्हणाला.

बायकोनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पंज्यांकडे. आणि ती हसायला लागली. हसून हसून तिची मुरकुंडी वळली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं.

पण गोष्ट त्याच्या मनाला चांगलीच लागली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तो तिकीट खिडकीवरच्या बाईंसमोर जाऊन उभा राहिला. या बाई गिऱ्हाईक नसलं की विणत बसायच्या. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, मला शिकवाल?"

"काय?"

"हेच. सुयांचं."

बाईंनी खिडकीवर 'पाच मिनिटांत येते'ची पाटी लावली. मागच्या खोलीत त्याच्या हातात दोन सुया आणि उरलेल्या तपकिरी लोकरीचा गुंडा दिला. "दादा, असं स्टिअरिंग आवळल्यासारखं नका धरू. सुई कुठं पळून जात नाही. आत घाला, धागा गुंडाळा, बाहेर काढा, सोडून द्या. झाला टाका."

पहिल्या दिवशी चार टाके झाले. चारही सुईला असे घट्ट बसले की पक्कड आणावी लागेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी एक ओळ पुरी झाली. पाचव्या दिवशी उलट टाका जमला, तेव्हा तो इतक्या मोठ्यानं "आलं!" म्हणून ओरडला की गॅरेजमधले दोन मेकॅनिक पाना घेऊनच धावत आले. मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. कँटीनमध्ये त्याच्याभोवती कोंडाळं जमायचं. "वेळापत्रक, आज किती ओळी?" असं ड्रायव्हर लोक विचारायचे आणि तो छाती काढून सांगायचा, "नऊ!"

आठवड्यानं त्यानं तपकिरी पट्टी घरी नेली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली. तिनं ती डाव्या हातानं उचलली, उलटीसुलटी केली, ताणायला गेली. ताणली जाईना.

"ही पट्टी आहे का पत्रा?"

"टाके मोजून बघ," तो म्हणाला.

तिनं मोजले. एकही गळलेला नव्हता. मग तिनं त्याच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहायची तसं पाहिलं. "कुणी शिकवलं?"

"तिकीटवाल्या ताईंनी."

"तिला रविवारी जेवायला बोलावू," ती म्हणाली आणि टोपली पुढं ओढली. "बसा इथं. हात सैल सोडा. लोकरीला जरा मोकळं राहू द्या."

पांघरुणाची पहिली ओळ विणायला त्याला पाऊण तास लागला. भर गर्दीत बस मागं घेतानाही त्याचा जीव असा टांगणीला लागला नव्हता. एकशे चाळिसावा टाका पुरा झाला आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला. मग रोज दुपारी तेच. ती स्टुलावर, तो तिच्या खुर्चीत, मधे लोकर. एकदा एक टाका निसटला आणि बघता बघता सहा ओळी खाली शिडीसारखा उसवत गेला. त्यानं बायकोकडे पाहिलं. "आता सगळं उसवावं लागणार?" बायकोनं त्याच्या हातात आकड्याची सुई दिली आणि एकेक पायरी सांगत तो टाका वर आणवून घेतला. वर आल्यावर त्यानं बायकोच्या गालाचा असा काही मुका घेतला की ती लाजून म्हणाली, "अहो, खिडकी उघडी आहे!"

तारखेला अजून पाच दिवस होते तेव्हा बारा ओळी उरल्या होत्या. त्या रविवारी लेक आणि जावई जेवायला आले होते. तो ताटं मांडत होता आणि ओव्हनमधून भाजलेल्या बटाट्यांचा असा वास सुटला होता की जावई दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेला. इतक्यात लेक टेबलाची कड धरून म्हणाली, "आई, मला वाटतं, कळा येतायत."

एकच धांदल उडाली. जावयाला गाडीची किल्ली सापडेना. ती त्याच्या हातातच होती. सासऱ्यानं ती काढून घेतली. "तू मागं बस, तिच्याजवळ. गाडी मी चालवतो." बायकोनं गॅस बंद केला, सुपाचं झाकण दाबून पातेलं टॉवेलात बांधलं, पाव टोपलीत टाकला, टोपली काखेत मारली आणि चौघं निघाले.

इस्पितळात लेकीला आत नेलं. तिच्यासोबत जावई गेला आणि दहा मिनिटांत नर्सनं त्याला बाहेर आणून बसवलं. तो पांढराफटक पडला होता.

"जरा पाणी द्या यांना," नर्स म्हणाली. "तिची तब्येत छान आहे. यांचीच काळजी घ्या."

बायकोनं जावयाच्या ओंजळीत लोकरीचा गुंडा ठेवला. "हा धरा. धागा सोडत जा. दुसरं काही करू नका." काम मिळाल्यावर जावयाच्या चेहऱ्यावर रंग आला. त्याला ग्लासभर सूप पाजलं, तेव्हा तो पुन्हा आत जाण्याइतका सावरला. जाताना गुंडा सासूच्या मांडीवर अगदी जपून ठेवून गेला.

बाकावर सुया चालू झाल्या. अकरा ओळी उरल्या, दहा, नऊ. समोर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही विणता?" तो मान वर न करता म्हणाला, "बोलू नका, ओळ चालू आहे." बायकोनं त्यांना सूप दिलं आणि पाव मोडून दिला. आजोबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

शेवटची ओळ आली. "आता टाके बंद करायचे," बायको त्याच्या खांद्याशी वाकून म्हणाली. "दोन विणा, पहिल्याला दुसऱ्यावरून उडी मारू द्या आणि सोडा. सैल हं! अगदी सैल." एकही टाका चुकत नव्हता. शंभर झाले. एकशे वीस. एकशे छत्तीस झाले आणि दार उघडलं.

"मुलगी!" जावई ओरडला. "मुलगी झाली, बाबा! दोघी मजेत आहेत!"

"थांब!" तो म्हणाला. "चार राहिलेत!"

बायको रडतही होती आणि हसतही होती. तिनं डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला होता आणि तो एकेक टाका सोडवत होता. शेवटच्या फासातून धागा ओढला तेव्हा नर्स, आजोबा आणि जावई, सगळेच त्याच्याभोवती उभे होते.

आत लेक थकून, घामेजून, हसत पडली होती. बाळ तांबूस, मुठी आवळलेलं, ओठांचा चंबू केलेलं. पांघरूण उघडलं तेव्हा सगळ्यांना दिसलं, बायकोनं विणलेला अर्धा भाग ऐसपैस रुंद होता आणि त्याचा अर्धा चांगला चार बोटं अरुंद. तो ओशाळला. "आवळून विणलं गेलं गं."

"बाबा, छान आहे की," लेक म्हणाली. "आईकडची बाजू डोक्याशी घेऊ, तुमची पायांशी. पाय बाहेरच येणार नाहीत."

आणि खरंच, बाळ त्यात असं चपखल बसलं की नर्सनंही मान डोलावली. त्यानं एक बोट पुढं केलं. बाळानं ते पकडलं आणि सोडेना.

"धर, घट्ट धर," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी बायकोच्या हाताची पट्टी निघाली. त्याच दुपारी दोघं लोकरीच्या दुकानात गेले. इतक्या रंगांसमोर तो आयुष्यात पहिल्यांदाच उभा होता. लाल उचलायचा, ठेवायचा, निळा गालाला लावून बघायचा, पुन्हा लालकडे यायचा. अर्धा तास झाला. दुकानदारीण बाई कंटाळल्या.

"अहो, घ्या ना कुठलातरी," बायको म्हणाली.

"थांब गं," तो म्हणाला. दोन्ही पंज्यांत लोकरीच्या लडी भरल्या होत्या आणि डोळे वरच्या फळीवर लागले होते. "तो हिरवा काढायला सांग. आणि मला एक सांग, बाही कशी विणतात?"