कण्हेरीचा पाला

सयाजी डुंबरे यांची सगळी नोकरी डिंभे धरणाच्या कालव्यावर गेली. कालव्यातून रानाकडे जाणारी कुठली चारी कधी उघडायची, कुणाच्या रानाला पाणी कधी सोडायचं, हे बघायचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओतूरला आमच्या कॉलनीत घर बांधलं. भोवती जागा बरी होती, ती त्यांच्या बायकोने, जयावहिनींनी, झाडांनी भरून टाकली. शेवगा, जास्वंद, गुलाब आणि फाटकाजवळ देवाच्या फुलांसाठी तांबडी कण्हेर.

वहिनी बागेतला कचरा कधी एकत्र करायच्या नाहीत. छाटणी झाली की पायरीवर बसून भाजी निवडावी तशा निवडत बसायच्या. गवत, शेवग्याच्या डहाळ्या, जास्वंदीचा पाला एका पोत्यात. वाळकी पानं मागच्या खड्ड्यात. रोपांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोऱ्यांचे तुकडे घंटागाडीत. कण्हेर मात्र त्या अगदी बाजूला घ्यायच्या, कोपऱ्यात खोल पुरून टाकायच्या आणि साबणाने हात धुवायच्या.

सयाजीभाऊ व्हरांड्यातल्या खुर्चीतून हसायचे. "कचऱ्याला कसली आली निवड? कालवण करायचंय का त्याचं?"

"तुमी आपला पेपर वाचा," वहिनी म्हणायच्या. बोलणं तिथंच संपायचं.

ते पोतं ताहेरासाठी असायचं. ताहेरा ओढ्यापलीकडे राहते. तिचा नवरा जलाल आळेफाट्याला ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो आणि ती घरी शेळ्या पाळते. सकाळी कॉलनीत फिरून ती पाला गोळा करते. आमच्यापैकी बहुतेकांची तऱ्हा सांगण्यासारखी नव्हती. कुणी छाटलेलं सगळं ओढ्यात लोटायचं, कुणी वळणावर पेटवून द्यायचं. कुणी पोतं दिलंच, तर त्यात पाल्याबरोबर खिळे, काचा, दुधाच्या पिशव्या निघायच्या. म्हणून ताहेरा प्रत्येक पोतं रस्त्यावर ओतून बघायची. फक्त जयावहिनींच्या फाटकावरचं पोतं ती न उघडता डोक्यावर घ्यायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला तापाचं निमित्त होऊन वहिनी गेल्या. मुलगी अक्षदा पुण्याहून आली, काही दिवस राहिली आणि परत गेली. भाऊ एकटे पडले. डबा बाहेरून यायचा. बागेकडे बघवत नाही म्हणून ते मागचं दारही उघडत नसत. पावसाळ्यात सगळं माजलं. गवत कमरेला लागलं, कण्हेर फाटकावर आडवी आली, आत-बाहेर करणं अवघड झालं.

मग एका सकाळी भाऊंनी विळा आणि कात्री काढली. दुपारपर्यंत एकट्याने गवत कापलं, कण्हेर छाटली, सगळं एका पोत्यात दाबून भरलं आणि वहिनी ठेवायच्या तिथेच फाटकाबाहेर ठेवलं. कितीतरी दिवसांनी त्यांना थोडं बरं वाटलं. तिचं एक काम आपण केलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताहेरा आली. पोत्याची जागा तीच, घर तेच. तिला उजमाला, म्हणजे तिच्या मुलीला, कॉलेजच्या प्रवेशासाठी न्यायचं होतं. तिने पोतं उचललं, दुभत्या शेळीपुढे ओतलं आणि ती निघून गेली. परत आली तेव्हा शेळी आडवी पडून पाय झाडत होती. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत ती गेली. डॉक्टरने तिच्या तोंडातलं अर्धवट चावलेलं पान काढून दाखवलं. हिरवी कण्हेर शेळी सहसा तोंडात धरत नाही, पण सुकून गवतात मिसळली की तिला कळत नाही, असं तो म्हणाला. शेळीची दोन करडं बाजूला ओरडत होती.

संध्याकाळी ताहेरा भाऊंच्या फाटकाशी आली. आवाज चढवला नाही.

"भाऊ, पोत्यात कण्हेर व्हती."

"व्हती की. का?"

ताहेरा त्यांच्याकडे बघत राहिली. "तुमाला खरंच ठाव न्हाई?"

"काय?"

"वहिनी कण्हेर कशापायी पुरून टाकायच्या ते."

भाऊंची नजर बागेच्या कोपऱ्याकडे गेली.

"जनावर मरतं त्यानं. माझी शेळी मेली, भाऊ."

भाऊ फाटकाचा गज धरून उभे राहिले. "मला कुणी सांगितलं न्हाई," ते कसंबसं म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच ते बोलणं लागलं असावं. "न्हाई, ताहेरा. मी कधी इचारलंच न्हाई."

"चूक माझीबी हाय," ती म्हणाली. "वहिनी गेल्या हे ठाव असून मी पोतं उघडलं न्हाई. सवय व्हती ना." पदर तोंडाला लावून ती निघून गेली.

त्या रात्री भाऊ जेवले नाहीत. सकाळी डेअरीतून दूध घेऊन ते ओढा ओलांडून ताहेराच्या घरी गेले. जलाल दारात होता.

"भाऊ, मेलेलं जनावर परत येत न्हाई. तुमी कशाला तरास घेता?"

"करडं उपाशी असतील म्हनून आलोय."

जलाल बाजूला झाला. भाऊ गोठ्यात मांडी घालून बसले आणि बाटलीने दूध पाजू लागले. त्यांना ते काही जमत नव्हतं. अर्धं दूध धोतरावर सांडलं. ताहेरा आतून बघत होती. शेवटी ती आली आणि करडाची मान कशी वर धरायची ते तिने दाखवलं. त्यानंतर भाऊ रोज जात राहिले. अशक्त होतं ते करडू चार-सहा दिवसांत गेलं. दुसरं जगलं.

अक्षदा फोनवर म्हणाली, "बाबा, ती कण्हेर आधी उपटून टाका." भाऊंनी उपटली नाही. "झाडाचा काय दोष? तुझी आई त्याच्याशेजारी एवढी वर्षं नीट राहिलीच ना," ते म्हणाले.

गणपतीच्या आधी कॉलनीची बैठक होती. वर्गणीचं बोलणं संपल्यावर भाऊ उभे राहिले आणि घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं. बागेतला पाला, काटेरी आणि विषारी छाटण, प्लॅस्टिक वेगळं ठेवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

माझ्या शेजारचा सुदर्शन म्हणाला, "भाऊ, आपण घरपट्टी भरतो, गाडी येते. आता काय शेळ्यांसाठी निवडत बसायचं?"

"मीबी असंच बोलायचो," भाऊ म्हणाले. "ती निवडत बसायची आन् मी हसायचो. मला वाटायचं, बाईमानसाला नाद असतो एकेक. आता इचारायचं म्हटलं तर मानूस न्हाई." ते आणखी काही बोलणार होते, पण तसेच खाली बसले.

त्यानंतर आमच्यातल्या काही घरांनी वेगळी पोती ठेवायला सुरुवात केली. माझ्या घरीही ठेवतो. सगळे करतात असं नाही. सुदर्शनचं छाटण अजून ओढ्यातच जातं.

ताहेराने मात्र भाऊंच्या फाटकावरून पाला नेणं थांबवलं होतं. जलाल म्हणाला, राग नाही, पण तिचा हात धजत नाही. भाऊंनी आग्रह केला नाही. ते पायरीवर बसून निवडायचे. कण्हेर पुरायचे, बाकीचं खड्ड्यात टाकायचे.

दिवाळी झाल्यावर एक दिवस ती फाटकापाशी थांबली. "भाऊ, शेवगा छाटलाय का?"

भाऊ पोतं घेऊन आले आणि तिने सांगण्याआधीच त्यांनी ते फरशीवर ओतलं. ताहेरा खाली बसली. एकेक डहाळी उचलून बघितली. तळाशी नायलॉनच्या दोरीचा बोटभर तुकडा निघाला. तिने तो भाऊंच्या हातावर ठेवला.

"ह्ये र्‍हायलं."

"दिसलं न्हाई मला," भाऊ म्हणाले.

"दिसंल हळूहळू," ती म्हणाली आणि पाला परत भरू लागली. भाऊही तिच्यासमोर बसून भरू लागले.

आता ती आठवड्यातून एकदा-दोनदा येते. भाऊंचं पोतं ती प्रत्येक वेळी उघडून, तळापर्यंत बघूनच नेते. भाऊ तेवढा वेळ शेजारी उभे असतात.