मावशीने काढलेला जिना

माझी धाकटी मावशी एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. दिवसभर फोन वाजायचा आणि निम्मे पेशंट एकच विचारायचे, "मेट्रोच्या कुठल्या दाराने बाहेर येऊ?" दवाखाना एका मॉलच्या मागच्या बाजूला होता आणि भुयारी स्टेशनातल्या पाट्या सगळ्यांना मॉलमध्ये नेऊन सोडायच्या. मग सुजलेला गाल धरून माणसं चपलांच्या आणि अत्तरांच्या दुकानांतून भटकायची आणि पोचायची तेव्हा त्यांची वेळ टळलेली असायची. मावशीला बोलणी बसायची ती वेगळीच.

खरं तर स्टेशनाला मागे आणखी एक सार्वजनिक जिना होता, थेट दवाखान्यासमोर निघणारा. शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतारही होता. पण त्याची पाटी कुणीतरी कधीच काढून टाकली होती.

एका पेशंटने तिला इंटरनेटवरच्या खुल्या नकाशाबद्दल सांगितलं. लोकांनी मिळून बनवलेला, ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने त्यात घालायचं, कुणीही फुकट वापरायचा. मावशीने खातं उघडलं आणि तो जिना नकाशात काढला. आता ती पेशंटना नकाशाच पाठवायची, त्यामुळे फोनवर वाट समजावणं बंद झालं.

पण तिला चटक लागली. सुट्टीच्या दिवशी ती एकेक स्टेशन घेऊन बसली. सगळी दारं, जिने, लिफ्ट, एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारी भुयारं. खाली उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, म्हणून मोजायची टेप घेऊन जायची. टेपचं दुसरं टोक काकांच्या हातात. "लग्नाआधी म्हणाली होतीस फिरायला नेते, तेव्हाच कुठे ते विचारून घ्यायला हवं होतं," असं ते कुरकुरायचे. पण टोक सोडायचे नाहीत.

आणि एक दिवस मागचा जिना नकाशावरून गायब झाला. मावशीने परत काढला. पुन्हा गायब. कुणीतरी शेरा मारला होता, "येथे रस्ता नाही." मावशीने फोटो जोडून तो तिसऱ्यांदा काढला.

नकाशात बदल करणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसतं. ते वाचून मॉलचे मॅनेजर दवाखान्यात आले. दात दुखत नव्हते त्यांचे.

"बाई, तो जिना काढा नकाशातून."

"काढलाय की," मावशी म्हणाली. "नीट रेघ मारून काढलाय."

"मी पुसून टाका म्हणतोय. लोक मॉलमधून आले तर सगळ्यांचाच धंदा होतो."

"जिना आहे तिथे. उद्या तुम्ही बुजवलात तर पुसेन. तोवर राहील."

मॅनेजर तिच्याशी वाद घालत बसले नाहीत. दवाखान्याची जागा मॉलच्याच मालकाची होती. ते थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. संध्याकाळी डॉक्टरांनी मावशीला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता.

"एका जिन्यासाठी माझा करार अडकवू नका. पुसा तो."

"खोटं नाही लिहिणार, डॉक्टर. मला काढायचं तर काढा."

त्यांनी महिनाअखेर तिला काढलं. घरी काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टेप कुठे ठेवलीस?"

पुढच्याच आठवड्यात जिन्याला आणि उताराला मिळून शटर लागलं. मावशीने नकाशात तेही घातलं, शटर बंद, तारीख आणि फोटोसकट, आणि पालिकेकडे तक्रार केली. मॉलवाल्यांनी नकाशाच्या चर्चेत तिच्यावर खोडसाळपणाचा आरोप केला. त्यावर नकाशाचं काम करणारे दोघेजण स्वतः येऊन जागा बघून गेले. जिना खरा होता, शटरही खरं होतं. पुसापुशी करणारं खातं बंद झालं. शटरपाशी अडकलेल्या लोकांच्या तक्रारीही पालिकेकडे जायला लागल्या, त्यात चाकाच्या खुर्चीवरचे एक आजोबा तर रोज फोन करायचे. शेवटी शटर उघडलं. पण फक्त संध्याकाळी सातपर्यंत.

मावशी आता रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये काम करते. पगार कमी, येणं-जाणं लांबचं. तिने उघडायची-बंद व्हायची वेळ नकाशात लिहिली आणि नवी तक्रार ठोकली.

"अगं, उघडलं ना? आता सोड," आई तिला म्हणाली.

"सातनंतर लोकांना पाय नसतात का, ताई?" मावशी म्हणाली, आणि काकांना हाक मारून नव्याने सुरू झालेल्या मार्गाचं पहिलं स्टेशन मोजायला निघाली.