बाईंचा सूर कसा चढला

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं गाणं मी बंद पाडलं. चिकटपट्टी वापरून. हेतू अर्थातच चांगला होता. माझे सगळेच घोटाळे चांगल्या हेतूने झालेले आहेत, त्यामुळे लोकांना मला धड रागावताही येत नाही.

ते कॅसेटचे दिवस होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी पाच-सहा गाणंवेडे जमायचे. प्रत्येकाने एक कॅसेट आणायची, दुसऱ्याची एक न्यायची आणि पुढच्या रविवारी परत करताना आत एक चिठ्ठी घालायची, अशी पद्धत होती. चिठ्ठीत पुढच्या माणसासाठी शिफारस असे. "दुसरी बाजू आधी ऐका." "विलंबित झोपून ऐकलंत तरी चालेल, द्रुत उठून बसून ऐका." एका कॅसेटीत नुसतं "तबलजीला क्षमा करावी" एवढंच होतं. चहा-पोहे आमचे आणि मतं त्यांची.

या मंडळीत मला थोडा मान होता. तो गाण्यातल्या जाणकारीमुळे नव्हे. माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेलं एक स्पूलचं मशीन होतं. दोन मोठाली चाकं, आणि एकावरची फीत दुसऱ्यावर जाताना गाणं वाजायचं. जुन्या घरगुती मैफली अशा फितींवरच असत, आणि त्यांची कॅसेट करून देणारा आमच्यात मी एकटा. त्या मशीनसमोर बसलो की मी आवाज खाली आणून बोलत असे, शस्त्रक्रिया चालू असल्यासारखा.

एकदा विश्रांतवाडीहून येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी माझ्या हाती एक स्पूल ठेवलं. पुण्यातल्याच एका गायिकेची, त्यांच्या साठीतली, घरातली बैठक. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांची तबकडी कधी निघालीच नव्हती. "सांभाळून," एवढंच बोलून ते गृहस्थ मुलाकडे नागपूरला निघून गेले.

माझ्या डोक्यात लगेच काकू आल्या. लग्नाआधी चार वर्षं त्या याच बाईंकडे शिकल्या होत्या. मग संसार, मग टेलिफोन खात्यातली नोकरी. तीस वर्षं तंबोरा गवसणीत. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो खाली काढला होता आणि रोज सकाळी तासभर गायला लागल्या होत्या. जिन्यात त्यांचा षड्ज ऐकू आला की दूधवालासुद्धा कॅन हळू ठेवायचा.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मशीन रुसलं. फीत ओढणारी एक बारीक दांडी असते, ती झिजून गुळगुळीत झाली होती. फीत घसरायची, बाई मध्येच गळपटायच्या. दुरुस्तीवाला म्हणाला पंधरा दिवस लागतील. मला पंधरा तासही दम नव्हता. मी त्या दांडीवर चिकटपट्टीचे चार वेढे दिले. फीत घसरायची थांबली. दांडी जाड झाली की ती फीत जास्त वेगाने ओढणार, आणि फीत वेगाने गेली की सूर चढणार, हे शाळेतल्या पोराला कळेल. मी विज्ञानाचा पदवीधर होतो.

वर आणखी एक शहाणपणा केला. बैठकीत मधूनमधून बोलणं होतं, खोकणं होतं. ते मी सगळं गाळलं. निव्वळ गाणं ठेवलं.

पुढच्या रविवारी ती कॅसेट ऐकून मंडळी थक्क झाली. "साठीत हा सूर!" अशी चिठ्ठी आली. "तानेत विजेचा वेग," अशी दुसरी. हडपसरच्या डॉक्टरांनी तर बाईंच्या कंठाच्या रचनेवर दोन पाठपोट पानं लिहून घातली. मी ती सगळ्यांना वाचून दाखवली.

काकूंना मी त्यांची वेगळी प्रत नेऊन दिली. त्यांनी ऐकली, डोळे पुसले, मग पेटी ओढून एक सूर दाबून पाहिला.

"अरे, ही काळी पाच आहे."

"असेल की."

"बाई याच्या खाली, काळी चारमध्ये गायच्या. तंबोरा मीच लावून द्यायची."

यावर मी जे बोललो ते मला आजही ऐकू येतं. "काकू, माणसाची आठवण उतरते. टेप खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तंबोरा काळी पाचला चढवला आणि बाईंच्या मागोमाग गायला लागल्या. महिन्याभरात तंबोऱ्याच्या तारा दोनदा तुटल्या. दोन्ही वेळा नव्या तारा मीच आणून दिल्या आणि "रियाज जोरात दिसतोय" असं कौतुकही केलं. वरून येणारा आवाज आधी ताणला गेला, मग फाटला, मग तासाचा अर्धा तास झाला. चौथ्या महिन्यात सकाळी नुसतं भांड्यांचं वाजणं ऐकू यायला लागलं.

मी वर गेलो तर तंबोऱ्यावर गवसणी होती.

"बाई साठीत जिथे गायच्या, तिथे माझा गळा पोचत नाही," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं मी स्वतःला सांगत होते, गळा आहे, फक्त वेळ नाही. आता वेळ आहे." मग भाजी निवडता निवडता, जणू जुनी रद्दी द्यायची असावी तशा स्वरात, "उद्या भाची येणार आहे. तिची मुलगी शिकतेय. घेऊन जाईल तंबोरा."

मी म्हणालो, "बरं होईल, वापरात राहील." असा मी.

दुसऱ्या दिवशी रविवार. विश्रांतवाडीचे गृहस्थ नागपूरहून परतले होते. मी मोठ्या थाटात कॅसेट लावली. ते डोळे मिटून दोन मिनिटं ऐकत राहिले.

"कोण गातंय?"

"अहो, तुमचीच टेप!"

"माझ्या टेपेवर बाई गातात. ही कोणी त्यांची धाकटी बहीण असावी, आणि तिला बस पकडायची असावी."

डॉक्टर पोह्याचा चमचा तोंडात तसाच ठेवून बसले.

"बोलणं कुठे गेलं?" गृहस्थांनी विचारलं. "मधे बाई तबलजीला झापतात ते?"

"गाळलं. गोंगाट होता."

"आपण मूळ टेप लावता का जरा?"

लावली. बाई तबलजीला "अरे, सावकाश!" म्हणाल्या, ते पाचवीतल्या मुलीच्या आवाजात, आणि तेही घाईघाईने. कोणी हसलं नाही. गृहस्थ उठले, चष्मा वर करून मशीनमध्ये वाकले.

"हे काय गुंडाळलंय?"

"तात्पुरती दुरुस्ती."

"कोणी केली?"

गृहस्थांनी नखाने चिकटपट्टी सोलून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. डॉक्टरांनी आपली दोन पानं हळूच परत मागितली.

इतक्यात खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. काकूंचा तंबोरा निघाला होता. मी ते मशीन उचललं. एरवी ते हलवायला दोन माणसं लागत. दोन जिने चढून वर गेलो तर भाची तंबोरा काखेत धरून दारातच उभी.

"ठेवा तो खाली," मी धापा टाकत म्हणालो.

काकूंना सगळं सांगायला मला फार वाक्यं लागली नाहीत. फीत आता मधूनमधून घसरत होती, पण जिथे नीट चालली तिथे बाई खालच्या, भरदार, सावकाश आवाजात "अरे, सावकाश" म्हणाल्या. काकूंनी तोंडावर हात ठेवला. मग पेटीवर काळी चार दाबली. सूर बरोब्बर जाऊन बसला.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बरसतील. पण त्यांनी भाचीच्या हातातून तंबोरा घेतला, गवसणी काढली, आणि खुंट्या एकेक करून सैल करत तारा काळी चारला उतरवल्या. त्या सतरंजीवर बसल्या, भाची बसली, मीही भिंतीला टेकून बसलो. आधी आवाज जरा अडखळला, खरखरला. मग बाईंच्या भूपाचा मुखडा त्यांनी असा अलगद उचलला की माझे डोळे भरून आले. चार महिन्यांचं ओझं उतरलं होतं. मी मान डोलवत होतो, मांडीवर हात मारत होतो, "वा, काकू! वा!" करत होतो.

चौथ्या 'वा'ला काकूंनी गाणं थांबवलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "सम कुठे आहे ते तुला मुळीच कळत नाही. ऐकायचं असेल तर तोंड मिटून ऐक, नाहीतर खाली जा."