लिंबाच्या गोळ्या

काल नातीनं लिंबाची गोळी तोंडात टाकली आणि त्या आंबट वासानं मी तोंडच फिरवलं बघा.

इकडे इंग्लंडात शेजारच्या फिलिपिनो नर्सची मुलगी जॉय लहानपणी तायक्वांदो खेळायची. आईची ड्युटी, म्हणून नॉटिंगहॅमच्या स्पर्धेला मीच तिला नेलं. तिच्या वजनगटापेक्षा वजन जरासं जास्त भरलं. कोचनं उपाशी पोरीच्या तोंडात तसल्याच गोळ्या कोंबल्या, हातात कप दिला. "थुंक! लाळेनंही वजन उतरतं."

"अहो, पोर आहे की लिंबू? किती पिळाल?" मी त्याला म्हटलं.

"आंटी, इट्स नॉर्मल," जॉयच म्हणाली.

ती थुंकत राहिली. मग हळूच म्हणाली, "आंटी, तुम्ही तिकडे बघा ना."

तिचं मेडल शेजारणीच्या भिंतीवर अजून चकाकतं. मला मात्र तिथे तो कपच दिसतो, फेसाळलेला.